देवळाच्या डाव्या अंगाला

माझ्या सासूबाई, मंदाकिनीबाई, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. त्या निवृत्त झाल्या, पण त्यांच्यातला भूगोल काही निवृत्त झाला नाही. आमच्या सदाशिव पेठेत कुणी पत्ता विचारला, तर लोक 'सरळ जा, मग डावीकडे वळा' म्हणून मोकळे होतात. आई म्हणायच्या, "उत्तरेला जा, दवाखाना लागला की पूर्वेला वळा." विचारणारा बहुधा नुकताच गावाहून शिकायला आलेला मुलगा असायचा. तो बिचारा आभाळाकडे बघायचा. मग आई त्याला भर रस्त्यात पूर्वेकडे तोंड करून उभं करायच्या. "हं, आता डावा हात वर कर. ही उत्तर. जन्मभर विसरायचं नाही." मी गॅलरीतून हे बघायचे आणि कपाळावर हात मारून घ्यायचे.

अशा बाईंना एके दिवशी वाटलं, की आपल्याला डावं-उजवं कळेनासं झालंय. त्या वाटण्यानं त्यांची काय दशा केली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आईंच्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीवर, एक जुनं इंग्रजी चित्र होतं. तांब्याच्या पत्र्यावर बारीक रेघा कोरायच्या, त्यात शाई भरायची आणि पत्रा कागदावर दाबायचा, तशा पद्धतीनं छापलेलं. रंग नाही, नुसतं काळं-पांढरं. एका खेड्याचा देखावा. पुढे नदी, दगडी घाट, घाटावर मधोमध छोटंसं देऊळ. देवळाच्या डाव्या अंगाला एक कौलारू घर आणि त्याच्या दारात उभी असलेली बाई, उजव्या अंगाला थोरला पिंपळ. पाण्यात दोन बैल. कुठल्या गोऱ्यानं कुठल्या गावाचं काढलं कुणास ठाऊक. खालची नावाची पट्टी कुणीतरी आधीच कापून टाकलेली होती.

हे चित्र आईंच्या वडिलांनी आणलं होतं. स्वातंत्र्य मिळालं आणि साहेबलोक कँपातले बंगले रिकामे करून निघाले, तेव्हा त्यांच्या सामानाचे लिलाव झाले. लोकांनी तिथून कपाटं आणली, झुलत्या खुर्च्या आणल्या. आईंचे वडील साधे कारकून. त्यांनी हे चित्र आणलं आणि पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत राहिले, "असं दुसरं अख्ख्या पुण्यात सापडायचं नाही."

आईंच्या आईला मात्र ते बघताक्षणी आपलं माहेर वाटलं. तिचं माहेर मांजरी गावाच्या बाजूचं, नदीकाठचं. असेल किंवा नसेल, कुणी वाद घातला नाही. पण वर्षभरातच त्या माउलीचं डोकं बिघडत गेलं. सुरुवात डाव्या-उजव्यापासून झाली. मंडईतून परत येताना ती समोरच्यांच्या घरात शिरायची आणि "माझी चूल इकडची तिकडे कुणी केली?" म्हणून भांडायची. मग रस्ते गेले, मग माणसं गेली. एकदा ती चालत चालत नदीपर्यंत पोचली. तेव्हापासून तिला मागच्या खोलीत ठेवायला लागले आणि बाहेरून कडी. चित्र त्याच खोलीत होतं. ती त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायची, "मला तेवढं घरी सोडा. देवळाच्या डाव्या अंगाला आमचं घर. मी वाट चुकायची नाही."

वडील कचेरीत गेले की कडी लावायचं काम मुलीकडे, म्हणजे आमच्या आईंकडे. तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं, कॉलेजात जाणारी पोर. कडी लावायची आणि दाराशी उभं राहायचं. आतून तेच ऐकू यायचं, देवळाच्या डाव्या अंगाला, देवळाच्या डाव्या अंगाला. त्या खोलीतून ती बाई पुन्हा बाहेर आली ती चौघांच्या खांद्यावरूनच.

हे सगळं आईंनी मला फार उशिरा सांगितलं. तुम्हाला मी आधीच सांगून टाकते. माझा जो गोंधळ उडाला तो तुमचा उडायला नको.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. चित्राच्या काचेला तडा गेला होता, आत कसर शिरली होती आणि कागदावर तांबूस डाग दिसायला लागले होते. मी ते शकीलकडे टाकलं. शकीलचं दुकान मंडईच्या मागच्या गल्लीत, चौकटी करून देण्याचं. गणपती, मक्का-मदिना, कुणाचे तरी वारलेले आजोबा, असे सगळे तिथे एका भिंतीला टेकून काचेची वाट बघत बसलेले असायचे. त्याचे वडील गुलजारभाई, त्यांनी आईंच्या लग्नाचा फोटो मढवला होता. म्हणजे घरचाच माणूस.

शकीलनं चित्र उलटसुलट पाहिलं, पाठीचा पुठ्ठा नखानं खरवडून बघितला. "वहिनी, हे पिठाच्या खळीनं चिकटवलंय. ही खळ कसरीला फार आवडते. भिजवून सावकाश सोडवावं लागेल. आठवड्यानं या."

आठवड्यानं गेले तर म्हणाला, वाळतंय. पुढच्या आठवड्यात म्हणाला, काच यायचीय. त्यानंतर गेले तर दुकान उघडं आणि शकील गायब. मी पुण्याची. तोंडावर काय बोलायचं ते ठरवूनच चौथ्यांदा निघाले होते, तेवढ्यात तो स्वतःच चित्र घेऊन दारात हजर. सागवानी चौकट तीच, नुसती पॉलिश करून चकचकीत केलेली. काच नवी. चहाला थांबला नाही. माझ्याकडे न बघता जिना उतरून गेला. हा बोलका माणूस आज मुका कसा, असा प्रश्न मला पडला, पण गॅसवर दूध होतं.

मी चित्र जागेवर टांगलं आणि आईंना चहा नेऊन दिला. त्या पलंगावर बसल्या, चष्मा लावला आणि वर पाहिलं. पुढच्या क्षणी कप कलंडला आणि चहा लुगड्यावर.

"आई, चहा!"

"हं," त्या म्हणाल्या. नजर चित्रावरच होती. "असू दे. वाळेल."

चित्रात घर देवळाच्या उजव्या अंगाला होतं. पिंपळ डावीकडे.

मला काही दिसलं नाही. अनंतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, काही दिसलं नाही. खरं सांगा, तुमच्या घरातल्या भिंतीवरच्या चित्रात काय कुठल्या बाजूला आहे, सांगता येईल? आम्हाला विचारलं असतं तर 'खेडं आहे, बैल आहेत' यापलीकडे आमची धाव नव्हती. पण आई ते चित्र माहेराहून घेऊन आल्यापासून जवळजवळ चाळीस वर्षं त्याच्यासमोर झोपत-उठत आल्या होत्या.

त्यांनी आधी शहाण्या माणसासारखा विचार केला. भिंग आणून पाहिलं. बैल तेच, दारातली बाई तीच, घाटाच्या पायऱ्या त्याच. कागद पालथा बसवला म्हणावं तर छापलेल्या जाड कागदाची मागची बाजू कोरीच असणार. चित्रच बदललं म्हणावं तर ते कसं बदलेल? असं दुसरं अख्ख्या पुण्यात नाही, हे वडिलांचं वाक्य त्यांच्या कानात बसलेलं. चौकट तर तीच होती. सगळी दारं एकेक करून बंद झाली आणि एकच उघडं राहिलं. आपलं डोकं गेलं. आईचं गेलं तसंच, तिथूनच, डाव्या-उजव्यापासून.

आणि विचारायची सोय नाही. भूगोलाच्या बाईंनी 'घर आधी कुठल्या बाजूला होतं गं?' असं विचारलं, की ऐकणारा आधी बाईंच्या तोंडाकडे बघणार आणि मग दुसऱ्या माणसाकडे. त्या नजरा आईंना ठाऊक होत्या. तरुणपणी त्यांनी स्वतःच आपल्या आईवर तशा टाकल्या होत्या.

तरी एकदा त्यांनी धीर केला. मी खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. त्या चित्राकडे न बघताच म्हणाल्या, "श्यामला, ते घर... तुला काही वेगळं वाटतं का गं?"

"कुठलं घर?"

"चित्रातलं. आधी होतं तिथेच आहे ना?"

मी हसले. "न राहायला काय झालं? घराला काय पाय फुटलेत? होतं तिथेच आहे."

कुणीही हेच म्हणालं असतं. पण आईंचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. पाणी आणलं तर म्हणाल्या, नको. माझं ते वाक्य म्हणजे त्यांच्यावर शिक्कामोर्तब होतं. घर होतं तिथेच आहे. फिरलंय ते आपलं डोकं.

त्यानंतर आईंचं काहीतरी बिनसलं, एवढं आमच्याही लक्षात यायला लागलं. त्यांनी उजव्या मनगटाला काळा दोरा बांधला. मी म्हटलं, "आई, तुम्ही कधीपासून नजर-बिजर मानायला लागलात?" त्यावर एरवी मला चांगलं चार ओळींचं उत्तर मिळालं असतं. त्यांनी पदर मनगटावर ओढून घेतला. बोलता बोलता त्यांचा अंगठा त्या दोऱ्यावर जायचा, चाचपून यायचा. पत्ता विचारायला कुणी आलं तर त्या आत निघून जायला लागल्या. खालून मुलं हाका मारायची आणि आई पडद्याआड अंग चोरून उभ्या.

एकदा त्या मंडईत गेल्या आणि बराच वेळ झाला तरी परतल्या नाहीत. मी शोधायला निघाले. मंडईच्या इमारतीबाहेर, भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाशी, आई शेपूची जुडी धरून उभ्या होत्या. चेहरा घामानं डबडबलेला. समोर रस्ता दोन बाजूंना फुटत होता. लहानपणापासून तुडवलेला रस्ता. भाजीवाली म्हणाली, "बाई कधीच्या अशाच उभ्या हायेत. बोलत न्हाईत, हलत न्हाईत."

"आई, चला ना घरी."

"तू पुढे हो. मी तुझ्या मागून येते." आणि त्यांनी माझा हात धरला. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून आमच्या दोघींचं बरं चाललं होतं, पण हात धरण्याइतकं कधीच नाही. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती आणि पकड एवढी घट्ट की माझ्या बांगड्या रुतल्या. वाटेत प्रत्येक वळणावर त्यांचा श्वास अडकायचा आणि मी वळले की सुटायचा. मला तेव्हा रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं.

अनंतनं डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर ओळखीतले, घरी आले. आईंनी सगळी उत्तरं बरोबर दिली. आजचा वार, पंतप्रधान कोण, उजवा हात कुठला. उजवा हात दाखवण्यापूर्वी त्यांनी दोरा चाचपला, तेवढं मी पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. ते उठले, अनंतच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेरच्या खोलीत घेऊन गेले आणि मधलं दार लोटून घेतलं.

दाराआडची ती कुजबूज आईंनी पलंगावर बसून ऐकली. शब्द कळत नव्हते. पण दाराच्या कुठल्या बाजूला कोण असतं आणि काय बोलणं होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. खरं तर डॉक्टर एवढंच म्हणत होते, की वयोमानानं होतं, टॉनिक देतो, जपा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेरून आले. आईंच्या खोलीच्या दाराला बाहेरच्या बाजूनं चार भोकं. खाली फरशीवर लाकडाचा भुसा. कडी गायब.

"आई, कडी कुठाय?"

"गंजली होती. काढून टाकली."

"कुणी काढली?"

"मी. घरात पेचकस आहे, मला हात आहेत. भूगोलाच्या बाईला स्क्रू कुठल्या दिशेला फिरवायचा कळत नाही की काय?" पहिल्यासारखा तोरा. मला बरं वाटलं. आणि तेवढ्यात तो तोरा विझला. त्या हळूच म्हणाल्या, "डावीकडे फिरवला की सुटतो. बरोबर आहे ना, श्यामला?"

मी "बरोबर" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.  त्या आजाराला घाबरत असतील असं मी धरून चालले होते. त्या दिवशी मला कळलं, की त्या आम्हाला घाबरतात. मला आणि अनंतला.

मग जेवण कमी झालं. बोलणं तर जवळजवळ बंदच. कुणी दाराजवळून गेलं की त्या दचकून बघायच्या. खोलीचं दार त्या दिवसाही सताड उघडं ठेवायच्या आणि मध्ये वेताची खुर्ची घालायच्या, म्हणजे कुणाला चटकन लोटता येऊ नये. चित्राकडे पाठ करून बसायच्या. अनंत म्हणाला, चित्र काढून टाकू का? तर एवढ्या जोरात "नको" म्हणाल्या की तो मागे सरकला.

बकरी ईद दोन-तीन दिवसांवर आली होती, तेव्हा सकाळी शकील आला. दारात चपला काढल्या आणि तिथेच उभा. आत ये म्हटलं तर येईना, बस म्हटलं तर बसेना. हातात वर्तमानपत्राची एक पुडी होती.

"वहिनी, बाई आहेत? बाईंशी बोलायचंय. तुमच्यासमोरच बोलतो."

मी त्याला आईंच्या खोलीत नेलं. दारातली खुर्ची सरकवली. आई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, वळल्या नाहीत. शकीलनं चित्राकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून एका दमात बोलून टाकलं.

"बाई, हे चित्र तुमचं नाही. तुमचं चित्र बोकडानं खाल्लं."

 मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"बोकडानं?" मी म्हटलं.

"ईदसाठी पाळलाय. पोरांनी लाडावून ठेवलाय. मी कागद भिजवून सोडवला, पाटावर पसरला आणि परसात सावलीला वाळत ठेवला. पाठीला ओली खळ होती, गव्हाच्या पिठाची. त्याला वास लागला. बायको बिलकिस ओरडली तेव्हा मी धावलो, तर त्याच्या तोंडात शेवटचं... अल्ला कसम बाई, माझे हातपाय गार पडले. अब्बांच्या वेळेपासूनचं तुमचं घर. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? जुन्या बाजारात रोज चकरा मारल्या, पार वेड्यासारखा. एका रद्दीवाल्याकडे इंग्रजी पुस्तकातलं सुटं पान सापडलं. हुबेहूब तेच. वाटलं, अल्लानंच दिलं. बसवलं आणि आणून दिलं."

आई वळल्या. इतक्या हळू, की मला भीती वाटली.

"आता का सांगतोस?"

शकीलनं डोळे पुसले. "कुर्बानीचं जनावर स्वच्छ पाहिजे, बाई. माझ्या मनात किडा वळवळायला लागला, दुसऱ्याची चीज खाल्लेला बोकड चालेल का? मौलानांना विचारलं. ते म्हणाले, बोकडाचं राहू दे, त्यानं चोरी लपवली नाही. तू लपवलीस. आधी त्या घरी जा. आणि मंडईत ऐकलं की बाई आजारी आहेत, म्हणून रात्रभर..." त्यानं पुडी पुढे केली. "एवढंच वाचलं होतं. फेकवलं नाही."

पुडीत कागदाचा एक तुकडा होता, कडा चावलेला. त्यावर पिंपळाचं खोड, थोडी पानं आणि शेजारी उजवीकडचा कोरा समास.

आई उठल्या. तो तुकडा घेऊन चित्रापाशी गेल्या आणि काचेला लावून धरला. चित्रातला पिंपळ डाव्या कडेला, उजवीकडे झुकलेला. तुकड्यातला उजव्या कडेचा, डावीकडे झुकलेला. पान पान तेच, फक्त तोंडं एकमेकांकडे. त्यांनी तुकडा काचेवर पुन्हा एकदा सरकवून पाहिला. 

"शिक्का," त्या म्हणाल्या.

"काय आई?"

"शाळेचा रबरी शिक्का पाहिलायस? त्याच्यावर अक्षरं उलटी असतात, म्हणून कागदावर सुलटी येतात." आवाज वर्गातला होता, इतक्या दिवसांनी. "कुणीतरी आमचं चित्र समोर ठेवून नक्कल मारली. पत्र्यावर दिसलं तसंच कोरलं, गाढवानं. उलटं कोरायला हवं होतं. छापल्यावर सगळं फिरलं. डाव्याचं उजवं. अगं, चित्र फिरलंय, श्यामला! मी नाही! मी नाही फिरले!"

आणि त्या खाली बसल्या आणि मोठमोठ्यानं रडायला लागल्या. आयुष्यात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसले आणि मीही रडले. शकील दाराशी उभा राहून, आपल्यामुळे या बायकांचं नेमकं काय झालं हे न कळल्यानं, हात जोडून "माफ करा, माफ करा" म्हणत राहिला. त्याच दिवशी आईंनी मला ती मागची खोली, ती कडी, सगळं सांगितलं.

पण आधी शकीलचा निकाल लागायचा होता. आईंनी पदरानं तोंड पुसलं. तो म्हणाला, भरपाई देतो, काय म्हणाल ते देतो.

"भरपाई नको. लिहून दे."

शकील पांढरा पडला. "पोलिसांत देणार बाई?"

"चित्र उतरव. पालथं कर. श्यामला, पेन दे त्याला, ते जाड निळं." आणि त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं, "लिही. हे चित्र मी बदललं आहे. पूर्णविराम. बाईंचं डोकं ठिकाणावर आहे. पूर्णविराम. खाली सही."

शकीलनं पाठीच्या पुठ्ठ्यावर घाम पुसत लिहिलं. 'ठिकाणावर' मधला 'ठि' त्यानं दीर्घ काढला होता, तो आईंनी खोडून ऱ्हस्व करून घेतला.

"आणि बोकड?" जाताना त्यानं भीत भीत विचारलं.

"त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही," आई म्हणाल्या. "एवढा भूगोल पचवणं सोपं नाही."

दोरा त्याच दिवशी सुटला. दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावरची पोरं पुन्हा पूर्वेकडे तोंड करून उभी राहायला लागली. चित्र परत भिंतीवर गेलं, उलटं तर उलटं. आई म्हणायच्या, देवळाच्या मागे जाऊन बघितलं की घर असंच उजवीकडे दिसत असेल. कडी मात्र पुन्हा बसवली नाही. चार भोकं तशीच राहिली, घराला रंग दिला तेव्हाही मी ती बुजवू दिली नाहीत.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण आईंना ज्याची भीती होती ते त्यांच्या वाटेत उभं होतंच, फक्त बऱ्याच पुढे. पंचाहत्तरी उलटल्यावर ते आलं, आणि त्यांच्या आईला आलं त्याच पावलांनी. आधी डावं-उजवं. मग रस्ते. मग अनंतला त्या "अहो, आपण कोण?" म्हणून विचारू लागल्या. या वेळी डॉक्टरांना दार लोटावं लागलं नाही, कारण आईंना आता त्यातलं काही कळत नव्हतं. भीती सगळी आमच्या वाट्याला आली होती. भाजी चिरताना माझा एक कान कायम जिन्याकडे असायचा.

एकदा त्या माझा डोळा चुकवून निघून गेल्या. आम्ही पेठ पालथी घातली. शेवटी शकीलचा फोन आला, तोही आता म्हातारा झालेला. बाई त्याच्या दुकानात तसबिरींच्या रांगेत बसल्या होत्या आणि घरी सोडा म्हणत होत्या. कुठलं घर, ते सांगता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी अनंत एक पुडकं घेऊन आला आणि माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवलं. मी उघडलं. नवी कोरी कडी आणि चार स्क्रू.

"फक्त दुपारपुरती," तो म्हणाला. "तू एकटी असतेस तेव्हा." त्याचा चेहरा लहान मुलासारखा भ्यायलेला होता. वाईट माणूस नाही तो. त्याचे आजोबा, आईंचे वडील, तेही नसतील.

"परत देऊन ये," मी म्हटलं.

"अगं, पण पुन्हा गेली तर?"

"तर पुन्हा शोधू. जा, दुकान बंद व्हायच्या आत."

तो गेला. मी जिन्याच्या दाराला घुंगरांची माळ बांधली, उघडलं की वाजेल अशी. मग आईंच्या खोलीत गेले. त्या पलंगाच्या कडेला अंग आवळून बसल्या होत्या आणि दाराकडे बघत होत्या. कशाला घाबरताय, हे त्यांना सांगता आलं नसतं, आणि मला ते विचारावंही लागलं नाही. मी चित्र खिळ्यावरून काढलं, फिरवलं आणि पाठ खोलीकडे करून पुन्हा टांगलं. नदी, बैल, देऊळ भिंतीकडे गेलं.

आईंना अजून वाचता येत होतं. शिक्षिका होत्या, ते शेवटी जातं म्हणतात. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वर्गात वाचावं तसं मोठ्यानं वाचलं, पूर्णविरामाला थांबून थांबून. "हे चित्र मी बदललं आहे. बाईंचं डोकं ठिकाणावर आहे. शकील गुलजार, तसबीरवाला."

मग माझ्याकडे वळून विचारलं, "कुठल्या बाईंचं हो?"

"मंदाकिनीबाईंचं," मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला. आवळलेले खांदे सैल झाले.

"बरं झालं बाई," आई म्हणाल्या. "त्या फार घाबरायच्या."